एअर, ऑइल की लिक्विड कूल? सिग्नलला उभ्या गाडीचा हिशोब

भाच्याला हिंजवडीत नोकरी लागली. राहायला वारज्यात, आई-वडील कराडला. बाइकचं कर्ज मंजूर झालं त्या रात्री अकराला त्याचा फोन. "मामा, एअर कूल घेऊ, ऑइल कूल घेऊ की लिक्विड? जो तो वेगळंच सांगतोय."

मी त्यालाच विचारलं, "इंजिन चालू ठेवून रोज किती वेळ जागेवर उभा असशील?"

त्याला वाटलं मी विषय टाळतोय. पण ताशी साठने पळणारी कुठलीही धड गाडी सहसा तापत नाही, समोरून येणारा वारा फुकट काम करतो. गाडी तापते ती भूमकर चौकात, पुढे बस आणि मागे टेम्पो अशी अडकून, हाफ क्लचवर इंच इंच सरकताना. पेट्रोल जळून निघालेल्या उष्णतेतला ढोबळमानाने चौथा हिस्साच चाकापर्यंत पोचतो. बाकीची काही सायलेन्सरवाटे जाते, काही इंजिनच्या धातूत मुरते. ही मुरलेली उष्णता वारा पडल्यावर बाहेर कोण काढणार, यावरून इंजिन गार ठेवण्याच्या या तीन पद्धतींतून निवड करायची.

एअर कूलमध्ये ते काम सिलिंडरभोवतीच्या फिन्सचं, म्हणजे धातूच्या पातळ पट्ट्यांचं. पंप नाही, नळी नाही, सेन्सर नाही, म्हणून बिघडायलाही काही नाही. स्प्लेंडरचं ९७.२ सीसीचं इंजिन मुळात इतकी थोडी उष्णता तयार करतं की सिग्नलला चार मिनिटं उभं राहून त्याला काडीचा फरक पडत नाही. रॉयल एनफिल्डच्या क्लासिक ३५० ची गोष्ट वेगळी. कंपनी तिला एअर-ऑइल कूल म्हणते, पण बाहेर वेगळा ऑइल कूलर लावलेला नाही. ३४९ सीसीमधून फक्त २० बीएचपीच्या आसपास ताकद आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधलं मिश्रण कितीपट दाबलं जातं ते) ९.५ ला १, म्हणजे धातू भरपूर आणि काम बेताचं. ती तापते, मांडीला चांगली जाणवते, पण सहसा हातघाईवर येत नाही.

माझी आधीची गाडी दीडशे सीसीची एअर कूल. एका मे महिन्यात खंबाटकीच्या चढाला कंटेनर बंद पडला होता आणि आम्ही दुपारी दोनला पाऊण तास पहिल्या गिअरवर रखडत होतो. आधी न्यूट्रल पडेनासं झालं. मग इंजिनाचा आवाज कोरडा झाला, टॅपेटची टकटक वाढली, आणि ॲक्सिलरेटर दिला की गाडी दोरीने मागे ओढल्यासारखी मंद. एअर कूल गाडी अशीच बोलते. तिला टेम्परेचरचा काटा नसतो, तुमचे कान हाच काटा. मी बाजूला घेतली, वीस मिनिटं बंद ठेवली, उसाचा रस प्यायलो, पुढे निघालो. बिघाड काहीच नव्हता, पण त्या गाडीत माझ्या हातात दुसरा उपायही नव्हता.

(स्कूटर चालवणाऱ्यांना हे सगळं परकं वाटेल. ॲक्टिवासारख्या स्कूटरच्या इंजिनावर प्लॅस्टिकचं आवरण असतं आणि पंखा थेट क्रँकवर, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्यावर बसवलेला. इंजिन फिरतंय तोवर तो फिरतो, कुणाला विचारत नाही. मोटरसायकलचं इंजिन उघड्यावर असतं म्हणून तिला ही चैन दिलेली नाही.)

ऑइल कूल हा मधला मार्ग. पल्सर एन२५०, अपाची आरटीआर २०० ४व्ही, जिक्सर २५० या त्या गटातल्या. इंजिन ऑइलच एका छोट्या कूलरमधून फिरवून गार करतात. जिक्सरमध्ये सिलिंडरभोवती ऑइल फिरायला पोकळ जॅकेट आहे, बाकीच्यांत फिन्स आणि कूलर मिळून काम चालतं. रचना सुटसुटीत, वेगळं कूलंट (इंजिन गार करणारं द्रव) सांभाळायला नको. पण वजनाला वजन धरलं तर ऑइल पाण्याच्या जेमतेम निम्मी उष्णता वाहून नेतं, आणि बहुतेक ऑइल कूलरमागे पंखाही नसतो. म्हणजे पुन्हा वाऱ्याचीच वाट बघायची. शिवाय वंगण आणि गारवा ही दोन्ही कामं त्याच एका ऑइलवर. पातळी खाली गेली की दोन्हीकडून मार. या गाड्या घेणाऱ्याने दर पंधरा दिवसांनी ऑइलची काच बघायची सवय लावून घ्यावी, नाहीतर घेऊ नये.

लिक्विड कूलमध्ये कूलंट इंजिनाभोवती फिरतं आणि रेडिएटरच्या जाळीत वाऱ्याने गार होतं. ते हवंच कशाला, याचं चांगलं उत्तर रॉयल एनफिल्डच्या एकाच नावाच्या दोन गाड्या देतात. २०१६ ची हिमालयन ४११ सीसीची, एअर-ऑइलने गार होणारी, ताकद २४ बीएचपीच्या आसपास. २०२३ ला आलेली हिमालयन ४५२ सीसीची, लिक्विड कूल, जवळपास ४० बीएचपी. सीसी दहा टक्के वाढली, ताकद दीडपटीहून जास्त. सगळं श्रेय रेडिएटरचं नाही, चार व्हॉल्व्ह आहेत, आरपीएम जास्त आहे. पण एवढी उष्णता नुसत्या फिन्सवर सोडून भागलं नसतं. केटीएमच्या ३९० ड्यूकचं कॉम्प्रेशन १२ च्या वर आहे. अशा इंजिनाला तापमान ठरलेल्या पट्ट्यातच हवं.

हा पट्टा धरून ठेवणारी मंडळी म्हणजे पंप, थर्मोस्टॅट (तापमानानुसार उघडणारी झडप), रेडिएटर, त्याचं झाकण आणि पंखा. गार इंजिन चालू केलं की थर्मोस्टॅट बंद असतो, कूलंट आतल्या आत फिरून इंजिन लवकर गरम होतं. साधारण ८० ते ८५ अंशांना तो उघडतो आणि कूलंट रेडिएटरकडे जातं. गाडी पळत असेल तर गोष्ट तिथेच संपते. गाडी उभी असेल तर तापमान चढत राहतं आणि बहुतेक गाड्यांत शंभराच्या आसपास पंखा लागतो. काही अंश उतरलं की थांबतो, पुन्हा चढलं की पुन्हा लागतो.

इथे नवे मालक घाबरतात. पाणी शंभरला उकळतं हे शाळेत शिकलेलं असतं ना! पण आत नुसतं पाणी नसतं. निम्मं ग्लायकॉल घातलेलं कूलंट उघड्यावरच १०७ अंशांच्या आसपास उकळतं, आणि झाकणाच्या स्प्रिंगने दाब धरून ठेवल्यामुळे ती मर्यादा १२५ च्या पुढे जाते. तेव्हा पंखा घरघरला म्हणजे गाडी आजारी पडली असं नाही. ट्रॅफिकमध्ये मीटरवरच्या तापमानाच्या काड्या नेहमीपेक्षा वर चढूनही पंखा लागत नसेल, तेव्हा कान टवकारावेत.

माझ्यावर ती वेळ आली. आताची गाडी लिक्विड कूल, पावसाळ्याची अखेर, चांदणी चौकाचा उतार, सगळं ठप्प. काड्या चढत गेल्या, ओळखीची घरघर ऐकू येईना, आणि लाल दिवा लागला. गाडी लगेच बंद करून कडेला घेतली. फ्यूज काढून पाहिला, शाबूत. वाकून रेडिएटरमागे मोबाइलचा उजेड टाकला तेव्हा दिसलं, ताम्हिणीतून आणलेला चिखल वाळून त्याचा सुपारीएवढा गोळा पात्याच्या आणि चौकटीच्या मधे बसला होता. पंखा फिरायला बघत होता, फिरू शकत नव्हता. किल्ली काढून घेतली (हे आधी करा, पंखा अचानक सुरू झाला तर बोट जाईल), पेनाच्या टोकाने गोळा फोडला, दहा मिनिटांनी किल्ली फिरवली. घर्रर्र. गॅरेजवाल्यासमोर मी हा पराक्रम सांगितला. तो एवढंच म्हणाला, "साहेब, पाऊस संपला की पाण्याचा हलका फवारा मारत जा." त्याने जोराच्या प्रेशरने मारू नका म्हणूनही बजावलं. रेडिएटरच्या बारीक पात्या आडव्या झाल्या की वारा आत शिरत नाही.

त्याच्याकडूनच शिकलेली एक परीक्षा सांगतो, तिने खूप पैसे वाचतात. सिग्नलला तापते आणि पळायला लागली की काटा उतरतो, तर दोष पंख्याकडे: फ्यूज, रिले (पंख्याची वीज चालू-बंद करणारा स्विच), सेन्सर, नाहीतर मोटर. मोकळ्या हायवेवर पळतानाही काटा चढतोच, तर पंख्याला हात लावू नका. तिथे पंख्याची गरजच नसते. कूलंट कमी आहे का, पंप फिरतोय का, थर्मोस्टॅट अडकलाय का, ते बघा.

आणखी एक. पंख्याची मोटर बदलली की रेडिएटरच्या पुढच्या बाजूला कागद धरून पाहा, तो चिकटायला हवा. बाइकचा पंखा साधारणपणे हवा पुढून ओढून इंजिनाकडे टाकतो. वायर उलट्या जोडल्या तरी पंखा फिरतो, आवाजही करतो, फक्त समोरच्या वाऱ्याशी भांडत बसतो.

हँडलवर पंख्याचं वेगळं बटण लावायची फॅशन आहे. ताम्हिणीत चढताना आधीच पंखा लावला तर बरं, असं लोकांना वाटतं. माझं मत, नव्या गाडीला नको. थर्मोस्टॅट बंद असेपर्यंत रेडिएटरवर वारा घालून उपयोग शून्य, आणि उघडल्यावर कंपनीचा सेन्सर पुरेसा हुशार असतो. वॉरंटीतल्या गाडीचं वायरिंग कापलं तर पुढच्या भांडणात तुमची बाजू लंगडी पडते. गाडी जुनी असेल, सेन्सरवर भरवसा उरला नसेल, तर लावा, पण मूळ वायरिंग तसंच ठेवून, समांतर आणि रिलेमधून. बटण हे दुसरं दार असावं, पहिलं बुजवून केलेलं नव्हे.

आता तुमच्या पायांविषयी, कारण शोरूममध्ये हे कुणी सांगत नाही. लिक्विड कूलने इंजिन गार राहतं, तुम्ही नाही. पंखा लागला की रेडिएटरमधून आलेली गरम झळ अनेक गाड्यांत सरळ गुडघ्यांवर येते. पातळ पँट घालून बाणेर रोडला अर्धा तास उभं राहिलात की समजतं. एअर कूलची उष्णता सगळीकडे सावकाश पसरते, लिक्विडची एका जागी भपकन येते. आगीतून फुफाट्यात म्हणा हवं तर. फेअरिंगवाल्या (पुढून-बाजूने आवरण असलेल्या) काही गाड्या ही झळ बाजूने खाली वळवतात, काही वळवत नाहीत. चालवून बघितल्याशिवाय कळत नाही.

खर्चाचं फार काही नाही. प्रीमिक्स (पाणी आधीच मिसळलेल्या) कूलंटचा लिटरचा डबा तीनचारशे रुपयांच्या आत येतो आणि बऱ्याच गाड्यांत दोनेक वर्षांनी बदलायचा असतो, नेमकं मॅन्युअलमध्ये बघा. खरा खर्च रेडिएटर फुटला तर, तो काही हजारांत जातो. पुढच्या चाकाने उडवलेल्या एका खड्याचं ते काम. म्हणून ज्यांचा रोजचा रस्ता खडीचा आहे त्यांनी जाळीची गार्ड पहिल्या दिवशी बसवावी. आणि बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये घालू नये. क्षार आत थरावर थर बसवतात, मग पंखा कितीही फिरो. अडलं तर बाटलीतलं पाणी घालून घर गाठावं आणि त्याच आठवड्यात सगळं काढून नवं भरावं. गरम असताना झाकण उघडू नका, आत दाबाखाली शंभराहून गरम द्रव असतो, तोंडावर येतो.

मग कुणी काय घ्यावं?

गावात राहता, रोज वीस-तीस किलोमीटर, रस्ता मोकळा, जवळचा मेकॅनिक पान्हा आणि हातोडीवर चालणारा: एअर कूल, डोळे मिटून. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तिथेही साधी एअर कूल कम्युटर धावते, कारण एवढ्या उन्हातही बाहेरच्या हवेपेक्षा तिच्या फिन्स कितीतरी गरम असतात आणि उष्णता जायला वाट असते. तिथे मोठ्या एअर कूलवाल्याने मात्र ऑइल बदलायची तारीख पुढे ढकलू नये.

शनिवार-रविवार लांब पल्ला, एरवी थोडं शहर, आणि ऑइल बघण्याची शिस्त: ऑइल कूल. पैशाच्या मानाने मला हा गट सगळ्यात प्रामाणिक वाटतो.

भाच्यासारखं रोज दीड तास ट्रॅफिक आणि महिन्यातून दोनदा कराड, तेही दोनशे-अडीचशे सीसीच्या वरची ताकद हवी असेल तर लिक्विड. कारण एकच, उभ्या गाडीसाठी काम करणारा पंखा बहुतेक वेळा फक्त तिच्यातच असतो. ताकद नको असेल तर १२५ ची एअर कूल घे आणि उरलेल्या पैशांत चांगलं जॅकेट घे, हेही सांगून पाहिलं. ऐकलं नाही. वय पंचवीस.

त्याला शेवटी एवढंच सांगितलं की टेस्ट राइड सकाळी आठला घेऊ नकोस, दुपारी एकला घे. परत आल्यावर सेल्समन किल्ली मागेल, देऊ नकोस. गाडी न्यूट्रलला चालू ठेवून त्याच्याशी ईएमआयवर गप्पा मार. पंखा लागेपर्यंत थांब, लागल्यावर गुडघ्याशी हात धर, किती मिनिटांत बंद होतो ते बघ, किल्ली काढल्यावर तो फिरत राहतो की थांबतो तेही बघ. गेल्या शनिवारी त्याने तीन शोरूम केले. तिसऱ्या ठिकाणी सेल्समननेच विचारलं, "सर, तुम्ही गाडी बघताय की पंखा?"