आठ महिने इंकस्केप आणि एक पांढरी रेघ

माझं काम कापडावर छापायच्या डिझाइनचं: पिशव्या, टेबल मॅट, क्वचित कुर्त्याचं कापड. राहते गिरगावात. निम्मी डिझाइनं चाळीतल्या जुन्या सिमेंटच्या फरश्यांवरून सुचली. इंकस्केप हे चित्र काढायचं सॉफ्टवेअर घेतलं ते फुकट म्हणून. तसल्याच कामाच्या इलस्ट्रेटरचे महिन्याचे पैसे परवडेनात.

फरशीच्या नक्षीसाठी त्यातल्या ‘टाइल्ड क्लोन्स’ला, म्हणजे एका आकाराच्या जोडलेल्या प्रती मांडून देणाऱ्या सोयीला, तोड नाही. आमच्या फरशीवर फुलाचा पाव भागच आहे. चार फरश्या फिरवून लावल्या की मध्ये अख्खं फूल जमतं. मी तेवढा पाव भाग काढला, सिमेट्रीच्या १७ प्रकारांतून पी४, म्हणजे पाव पाव वळसा देऊन मांडणारा, निवडला, की जमीन तयार. मूळ पाकळी वाकवली की सगळ्या वाकतात. आईला हाक मारून दाखवलं. म्हणाली, "छान. आता खरी पुसून घे."

आता रेघ. पहिल्या ऑर्डरला १० सेंमीची टाइल (पुन्हा पुन्हा छापायचा चौकोन) केली, ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० पिक्सेल) पीएनजी, म्हणजे चित्राची फाइल, काढली, छापायला दिली. सहा मीटर निळं कापड आलं आणि दर १० सेंमीवर केसाएवढी फिकट रेघ! छापणाऱ्याशी भांडले. घरी येऊन हिशोब केला, तर १० सेंमी म्हणजे ११८१.१ पिक्सेल. तो वरचा दशांश पिक्सेल जाणार कुठे? कडेचा पिक्सेल अर्धवट रंगतो आणि जोडाशी उमटतो. दुसऱ्या दिवशी जाऊन सॉरी म्हणाले.

तेव्हापासून टाइल ४ इंचांची, म्हणजे इंकस्केपात ३८४ पिक्सेल आणि ३०० डीपीआयला बरोबर १२००. मागचा रंगीत चौकोन पेजच्या चारही बाजूंनी बाहेर काढते आणि एक्सपोर्ट फक्त पेजचं करते. डाव्या कडेवर लटकणारं नक्षीतलं पान उजवीकडे नेमकं ३८४ पिक्सेलवर पुन्हा ठेवायचं, तेही माउसने ओढून नव्हे, ट्रान्सफॉर्ममध्ये आकडा टाकून. कोपऱ्यावरच्या फुलाच्या चार प्रती लागतात. चौथी मी अजूनही विसरते.

स्क्रीनवर दोन टाइलींच्या मध्ये दिसणारी रेघ मात्र वेगळी. ती अँटी-अलायझिंगची (कडा मऊ दाखवायच्या युक्तीची), झूम बदलला की जागा बदलते किंवा गायब होते. खरी परीक्षा एकच: पीएनजी तीन बाय तीन मांडून १०० टक्क्यांवर बघायची.

इंकस्केपच्या २०२३च्या १.३ आवृत्तीपासून आकारात भरलेला पॅटर्न फिल अँड स्ट्रोक या रंग भरायच्या खिडकीतच लहानमोठा करता येतो, फिरवता येतो, दोन टाइलींतलं अंतर बदलता येतं. पण काढता काढता शेजारच्या टाइली दिसण्याची सोय इलस्ट्रेटरमध्ये २०१२च्या सीएस६पासून आहे, आणि मैत्रिणीच्या मशीनवर ती बघून जीव जळतो. माझ्या जुन्या लॅपटॉपवर ब्लर केलेली बुट्टी वीस बाय वीस पसरली, तर चहा होऊन पिऊनही होतो.

जोड बिनचूक असला तरी रिपीट, म्हणजे तीच टाइल पुन्हा पुन्हा येणं, लपतोच असं नाही. मंगलदास मार्केटात दुकानदार थान झटकून उलगडतो, तेव्हा दहा पावलांवरून बघा: सगळ्यात गडद बुट्टी सरळ रांगेत उभी राहते. म्हणून हल्ली टाइल्ड क्लोन्सच्या शिफ्टमध्ये दर कॉलमला ५०% देऊन हाफ ड्रॉप करते, म्हणजे प्रत्येक उभी रांग शेजारचीपेक्षा अर्धी टाइल खाली सरकते; तरी रांग तिरकी दिसलीच तर गडद बुट्टी फिकी करते. लॅपटॉप पलंगावर ठेवून दारातून बघायचं, एक डोळा मिटून. शेजारच्या काकूंना वाटतं माझा चष्म्याचा नंबर वाढलाय.