‘कोर्ट’ : निकाल न ऐकता घरी आलो

मार्च २०१५ मध्ये ‘कोर्ट’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला तेव्हा मी नोकरीतच होते. जिल्हा न्यायालयात स्टेनो. घरात कोर्टाचा विषय निघाला की सगळे माझ्याकडे बघतात, त्यामुळे हा सिनेमा दाखवायची जबाबदारी आपसूक माझ्यावर आली. १७ एप्रिलला तो लागला आणि त्याच रविवारी मी सहा तिकिटं काढली. मी, आमचे हे, दीर-जाऊबाई, सासूबाई आणि लॉच्या दुसऱ्या वर्षाला असलेला माझा भाचा.

भाच्याला खणखणीत युक्तिवाद ऐकायचे होते. दिरांच्या डोक्यात ‘दामिनी’तला सनी देओल. सासूबाईंना एवढंच माहीत होतं की सिनेमा मराठी आहे आणि त्याला मोठं बक्षीस मिळालंय. मध्यंतरापर्यंत सगळे गप्प झाले होते, आणि घरी परतताना गाडीत जे काही ऐकून घेतलं ते आजही आठवतं. दीर म्हणाले, “वहिनी, हे तर तुमचं ऑफिस दाखवलं. यात सिनेमा कुठाय?”

त्यांची निराशा मला तेव्हाही खोटी वाटली नव्हती आणि आजही वाटत नाही. तिकिटाचे पैसे देऊन माणूस काही अपेक्षेने बसतो. गेल्या महिन्यात निवृत्तीनंतरच्या निवांतपणात मी तो पुन्हा घरी बसून पाहिला, जाऊबाईंना शेजारी घेऊन. तेव्हापासून मनात आहे की यावर नीट लिहावं.

गोष्ट थोडक्यात अशी. नारायण कांबळे नावाचे वयस्कर लोकशाहीर. मुंबईत एका कार्यक्रमात गात असताना पोलीस त्यांना स्टेजवरूनच उचलतात. आरोप असा की त्यांचं गाणं ऐकून गटारात उतरणाऱ्या एका सफाई कामगाराने जीव दिला, म्हणजे आत्महत्येला प्रवृत्त केल्याचा गुन्हा. मग सत्र न्यायालय, तारखा, साक्षीदार, जामिनाचे अर्ज. चैतन्य ताम्हाणे यांचा हा पहिलाच मोठा चित्रपट. २०१४ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याला दोन पुरस्कार मिळाले होते. कांबळेंच्या भूमिकेत नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार आहेत. २०२१ मध्ये कोरोनात ते गेले. गाणी संभाजी भगत यांची, आणि ती खरोखर अंगावर येतात. सासूबाई पायाने ठेका धरत होत्या ते फक्त त्या गाण्यांना.

आमच्या माणसांना काय खटकलं, तर कॅमेरा हलत नाही. कोर्टाची खोली लांबून दिसते, अख्खी. मुख्य माणूस कोण हे कळायलाच वेळ लागतो. सरकारी वकील कायद्याची कलमं वाचतात ती एका सुरात, धडाधड. आवाज चढत नाही, टेबलावर हात आपटला जात नाही. गीतांजली कुलकर्णी यांनी ही वकीलबाई केली आहे आणि मी शपथेवर सांगते, अशा वाचनासमोर मी शेकडो दुपारी बसलेली आहे. अठराशे शहात्तर सालचा नाटकांवरचा कायदा काढून तो शाहिरावर लावला जातो, तोही ज्या शांतपणे वाचला जातो तो शांतपणा शंभर टक्के खरा आहे.

पुढे याच बाई लोकलने घरी जातात, पाळणाघरातून मुलाला घेतात, स्वयंपाकाला लागतात. भाचा कुजबुजला, “मावशी, यांचं घर कशाला दाखवतात?” मला मात्र त्या भागात गळ्याशी आलं. दिवसभर एका माणसाला आत ठेवा म्हणून भांडायचं आणि संध्याकाळी कणीक मळायची, हे मी माझ्या बरोबरीच्या कितीतरी बायकांचं पाहिलंय. त्यात त्या दुष्ट नसतात. दुसऱ्या दिवशी बोर्डावर पुढची केस असते, इतकंच. एक सांगते, सिनेमावाल्यांना वकील दाखवायचा असला की काळा कोट दिसतो. कोटाच्या आतलं डब्याचं, मुलाचं, नवऱ्याच्या शुगरचं ओझं दाखवणारा मी तरी हा पहिला पाहिला.

आता ज्या प्रसंगासाठी मी हे लिहायला बसले तो. मेलेल्या कामगाराची बायको साक्षीला येते. बारकी, शांत बाई. नवरा गटारात कसा उतरायचा ते ती सांगते. अंगावर संरक्षणाचं काही नाही. उतरण्याआधी तो आत खडा टाकायचा. झुरळं बाहेर आली तर आत जीव धरण्याइतकी हवा आहे असं समजायचं. वास सहन व्हावा म्हणून दारू प्यायचा. विषारी वायूने एक डोळा आधीच गेलेला. हे सगळं ती साध्या मराठीत सांगते, न रडता. आणि न्यायाधीश मधेमधे तिला थांबवून तिचं बोलणं इंग्रजीत करून टंकलेखकाला सांगत जातात.

ते टायपिंग मी केलंय. या सिनेमातलं नव्हे, तसंच, तीसेक वर्षं. साक्षीदार बोलतो ती भाषा वेगळी, साहेब सांगतात ती वेगळी, आणि कागदावर उरते ती साहेबांची. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत अपघाताच्या भरपाईच्या एका प्रकरणात एक विधवा साक्षीला आली होती. नवरा किती कमवायचा या प्रश्नावर ती बराच वेळ बोलली. उसाच्या तोडणीला गेलं तर किती, घरी असला तर किती, पावसाळ्यात उधारी कोणाकडून, एका वर्षी बैल विकला. मला लिहायला सांगितलं गेलं ते एक वाक्य : साक्षीदाराला पतीचे निश्चित उत्पन्न सांगता येत नाही. चुकीचं नव्हतं ते. तिला खरंच आकडा सांगता आला नव्हता. पण माझी बोटं थांबली होती, आणि साहेबांनी “लिहा” म्हटल्यावर पुन्हा चालू झाली. रोजनाम्यात त्या दिवसाच्या दोन ओळी असतील. बैल त्यात नाही.

‘कोर्ट’ने तो बैल ठेवला आहे. बाईचं बोलणं आपण पूर्ण ऐकतो, मग त्याचं इंग्रजी ऐकतो, आणि दोन्हींत काय गळलं ते आपल्याला दिसतं. कॅमेरा जागचा हलत नाही म्हणूनच हे दिसतं. तिच्या चेहऱ्यावर क्लोजअप घेतला असता तर आम्ही रडलो असतो आणि भाषांतर निसटलं असतं.

साक्षीनंतर बचाव पक्षाचे वकील तिला गाडीत पैसे देऊ करतात. ती घेत नाही, काम असलं तर द्या म्हणते. जाऊबाई यावेळी म्हणाल्या, “पुढे काय झालं गं तिचं?” सिनेमा सांगत नाही. पहिल्यांदा बघताना मलाही वाटलं होतं की तिला पुन्हा आणतील.

न पटलेल्या गोष्टीही सांगितल्या पाहिजेत. बचाव पक्षाचे वकील विनय व्होरा (विवेक गोम्बर, निर्मातेही तेच) यांचं घर, सुपरमार्केटमधली खरेदी, ते जाझ वगैरे मला लांबल्यासारखं वाटलं. बाईंच्या घरातल्या प्रत्येक गोष्टीतून काही कळतं. व्होरांच्या घरात एकच गोष्ट पुन्हापुन्हा कळते, की माणूस श्रीमंत आहे. आणि बिनबाह्यांचा टॉप घालून आलेल्या बाईची केस ऐकायला न्यायाधीश नकार देतात तो प्रसंग प्रेक्षकांना आवडतो, पण सिनेमाच्या बाकीच्या संथ सच्चेपणात तो मला जरा मांडून ठेवल्यासारखा वाटला.

शेवटाबद्दल. ज्यांनी पाहिलेला नाही त्यांनी हा परिच्छेद सोडावा. उन्हाळ्याच्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस. कामकाज संपतं, माणसं पांगतात, कोणीतरी दिवे बंद करतं आणि पडदा काळा होतो. आमच्या रांगेतले सगळे उठले. मागचे दोघं तर जिन्यापर्यंत गेले. मी दिरांचा हात धरून खाली बसवलं, कारण नावं आली नव्हती. एवढा वेळ अंधार. मग एकदम ऊन, रिसॉर्ट, न्यायाधीश महाराज कुटुंबकबिल्यासह सहलीला. बाकावर डुलकी लागलेली असताना मुलं ओरडून त्यांना उठवतात, ते एकाच्या थोबाडीत देतात, आणि पुन्हा डोळे मिटतात. संपला. “म्हणजे शाहिराचं काय झालं?” सासूबाईंनी मोठ्याने विचारलं. सभागृहात इतरांनीही मागे वळून पाहिलं, सगळ्यांचा प्रश्न तोच होता.

शाहीर आत आहे. सुट्टी संपेपर्यंत आतच. मे महिन्यात आमचं कोर्ट बंद व्हायचं तेव्हा मी माहेरी जायचे, आंबे खायचे, आणि जामिनासाठी थांबलेल्या माणसांची आठवण मला जून उजाडेपर्यंत एकदाही आली नव्हती. त्या काळ्या पडद्यावर ती पहिल्यांदा आली. बाकी पाच जण चपला शोधत होते.

दिरांनी सिनेमा परत पाहिलेला नाही, पाहणारही नाहीत. भाचा आता वकिली करतो. परवा फोनवर त्याने आपणहून विषय काढला, म्हणाला, “मावशी, त्या बाई कलमं वाचतात ना, तसंच वाचतो मी आता.” मी विचारलं, आणि साक्षीदार बोलत असतात तेव्हा? तो म्हणाला, “घड्याळ बघतो.” पुढच्या रविवारी तो घरी येणार आहे. त्या साक्षीचा भाग त्याच्याबरोबर बसून पुन्हा बघायचा आहे, मधे न थांबवता.