समिक्रॉन ३५: आठवाली, सातवाली, बोके किंग आणि जिला नावच नाही ती

लायका या जर्मन कॅमेरा कंपनीची ३५ एमएमची जुनी समिक्रॉन लेन्स घ्यायची म्हणून शोधायला बसलं की अर्ध्या तासात डोकं गरगरायला लागतं, कारण एकच लेन्स दहा नावांनी समोर येते. आठ एलिमेंटवाली (एलिमेंट म्हणजे आतलं एकेक भिंग), सात एलिमेंटवाली, व्हर्जन थ्री, प्री-एस्फ, बोके किंग, कॅनडावाली, चष्मेवाली. गेल्या काही वर्षांत मी यातल्या बऱ्याचशा वापरल्यात, काही स्वतःच्या, काही मित्रांकडून आठवडा-दोन आठवडे मागून आणलेल्या, आणि आता मला ठाम वाटतं की यातली निम्मी नावं घेणाऱ्याला भलतीकडेच नेतात.

आधी मुळातलं सांगतो. समिक्रॉन म्हणजे लायकाच्या भाषेत एफ २ ची लेन्स, म्हणजे जास्तीत जास्त एफ २ पर्यंत उघडणारी (आकडा लहान तितकं तोंड मोठं), समिलक्स म्हणजे एफ १.४ ची, ही नावं कंपनीची आणि लेन्सवर कोरलेली. पण व्हर्जन वन, टू, थ्री, फोर हे आकडे लेन्सवर कुठेही नसतात, ते नंतर संग्राहकांनी आणि विकणाऱ्यांनी लावले. त्यामुळे प्रत्येकाची मोजणी वेगळी. दोन नंबर आणि तीन नंबरची आतली रचना जवळपास सारखीच, सहा एलिमेंट चार ग्रुप (ग्रुप म्हणजे एकटं भिंग किंवा एकमेकांना चिकटवलेली भिंगं), मग कोणी दोन्ही एकत्र धरतो आणि त्याची चौथी ही तिसरी होते. वर २०१६ मध्ये एस्फेरिकलची (थोडक्यात एस्फ, पूर्ण गोलाकार नसलेलं भिंग वापरलेली नवी समिक्रॉन) सुधारित आवृत्ती आली तिला लोक एस्फ व्हर्जन टू म्हणतात, आणि जाहिरातीत घाईघाईने नुसतं व्ही टू लिहिलं की १९६९ ची लेन्स आणि २०१६ ची लेन्स एकाच नावाखाली! हे सोडून रिफ्लेक्स कॅमेऱ्यांसाठीची समिक्रॉन-आर ३५ आहेच, ती पूर्ण वेगळी लेन्स, लायकाच्या एम मालिकेच्या कॅमेऱ्यावर थेट बसणारच नाही.

आता पहिली, १९५८ ची. आठ एलिमेंट सहा ग्रुप, म्हणून आठवाली. जपानी लोक हिला हाचिमाइदामा म्हणतात, म्हणजे आठ भिंगांची, आणि हे नाव मला खरंच आवडतं कारण ते खोटं बोलत नाही, आत आठ भिंगं आहेत तर आठ म्हटलंय. चष्मेवाली हीच, पण एम ३ साठीची. एम ३ च्या व्ह्यूफाइंडरमध्ये ३५ ची फ्रेम, म्हणजे फोटोत काय येईल ते दाखवणारी चौकट, नाहीच, म्हणून लेन्सवर चष्म्यासारखी दोन भिंगं बसवली, की ५० एमएमच्या फ्रेममध्ये ३५ चं दृश्य मावावं. एम २ मध्ये ३५ ची फ्रेम आली तेव्हा त्याच्यासाठी बिनचष्म्याची. जुन्या स्क्रू माउंटमध्येही थोड्या निघाल्या. काचा सगळ्यांत तशाच, पण चष्मेवाली बाकीच्या एम बॉडीवर अडचणीची होते आणि जड लागते, म्हणून तिला मागणी कमी. एम ३ असेल तर हीच घ्या, मी बिनदिक्कत सांगेन.

हातात घेतल्यावर ही लेन्स काय आहे ते लगेच कळतं. फोकस इन्फिनिटीला, म्हणजे अगदी दूरवर, नेला की छोटं बटण टक करून अडकतं, सोडवायला अंगठ्याने दाबायचं, आणि फोकस फिरतो तो लोण्यातून सुरी फिरावी तसा. फोटोंचं म्हणाल तर एफ २ ला कॉन्ट्रास्ट कमी, उजेडाच्या कडांना हलकासा ग्लो, म्हणजे धूसर झळाळी, समोरून ऊन आलं की फ्लेअर, म्हणजे चित्रावर पसरणारा उजेड. ५.६ ला मात्र साठ वर्षांपूर्वीची लेन्स आहे यावर विश्वास बसत नाही, कापडाचा धागा न धागा दिसतो.

पण हा ग्लो शब्द फार जपून घ्यायला हवा आणि हे मी अनुभवाने सांगतोय. माझी पहिली आठवाली आली तेव्हा एफ २ ला सगळं चित्र दुधात बुडवल्यासारखं यायचं, अगदी एफ ४ ला पण काळा रंग काळा नाही, राखाडीच. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणाला हाच तो फेमस आठ एलिमेंटचा ग्लो, लोक यासाठीच घेतात. मी दोन महिने तेच खरं मानून फोटो काढले. मग एकदा अंधाऱ्या खोलीत मागून टॉर्च मारला आणि आतल्या एका काचेवर स्पष्ट धुकं, आरशावर वाफ बसते ना तसं. कारागिराने उघडून ती काच पुसली, परत जोडली, आणि त्याच लेन्सने त्याच खिडकीसमोर काढलेला फोटो बघितला तर पडद्याच्या चुण्या मोजता येत होत्या! ग्लो थोडा होता अजून, पण तो फक्त एफ २ ला आणि फक्त उजेडाच्या कडेला. जुन्या लाइट्झ (लायकाच्या मूळ कंपनीचं नाव) लेन्समध्ये हे आतलं धुकं खूप सापडतं. तेव्हा एफ ४-५.६ ला पण फोटो मळकट येत असेल तर ते कॅरेक्टर नाही, घाण आहे, एवढं लक्षात ठेवा. विकणाऱ्याने ते नाव वापरून मला गप्प केलं याचा राग मला अजून येतो.

आता एक चिनी कंपनी लाइट लेन्स लॅब या आठवालीची नव्याने प्रत बनवते, कंपनी ते उघड सांगते आणि लेन्स चांगली आहे, पण पुढे हातोहात विकताना कोणी नुसतंच आठवाली लिहितं. पुढच्या रिंगवर काय कोरलंय ते वाचा, खऱ्यावर लाइट्झ असतं, सोबत कॅनडा किंवा वेट्झलर (जर्मनीतलं लाइट्झचं गाव). कॅनडा म्हणजे कमी दर्जा असं काहीजण अजून मानतात ते चूक आहे, ओंटारिओतल्या मिडलंडचा कारखाना लाइट्झचाच, आणि वॉल्टर मँडलर तिथेच बसून लेन्स डिझाइन करायचे.

मग बोके किंग. १९७९ ची, सात एलिमेंट पाच ग्रुप, मँडलर यांच्याच हाताखालची. सातवाली, व्हर्जन फोर, प्री-एस्फ ही सगळी हिचीच नावं, आणि यातली दोन तर्काला धरून नाहीत. प्री-एस्फ म्हणजे एस्फेरिकलच्या आधीची, मग चारही जुन्या प्री-एस्फच झाल्या की. आणि सातवाली म्हणाल तर नंतरच्या एस्फमध्येही सातच एलिमेंट आहेत, पाचच ग्रुप आहेत! बोके म्हणजे फोकसबाहेरचा भाग फोटोत कसा दिसतो ते, शब्द जपानी, १९९७ मध्ये फोटो टेक्निक्स मासिकाने त्यावर लेख छापले आणि त्यानंतर हा विषय सगळ्यांच्या तोंडी झाला, या लेन्सच्या डोक्यावर मुकुट चढला तो त्याच वाऱ्यात.

लेन्स म्हणून ही फार गोड आहे, साधारण १६० ग्रॅम, कॅमेऱ्यावर आहे की नाही कळत नाही. पण किंग? मी एकच फ्रेम तीनदा काढली, माणूस दीड मीटरवर, मागे पानांतून झिरपणारं ऊन. एफ २ ला कडेचे उजेडाचे ठिपके गोल राहिले नाहीत, पंखासारखे पसरले, आणि प्रत्येकाला चमकदार कड, नजर चेहऱ्यावरून सारखी तिकडे जाते. २.८ ला ते शांत झाले. एफ ४ ला मागची पानं अशी हळूहळू विरघळत गेली की आहा! माणूस कुठे संपला आणि झाड कुठे सुरू झालं तो बदल कुठेच खटकत नाही. हिची खरी ताकद ही आहे, थोडंसं फोकसबाहेर असलेलं सुद्धा ओळखू येईल असं ठेवणं. पण किंग ऐकून लोक एफ २ ला लावतात आणि निराश होतात, यात दोष लेन्सचा नाही, नावाचा आहे.

एस्फ पटकन सांगतो. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धातली, एफ २ पासूनच कोपऱ्यापर्यंत धारदार, काळ्या रंगाची अडीचशे ग्रॅमच्या आसपास. २०१६ च्या आवृत्तीत अपर्चरची ११ पाती आणि धातूचा स्क्रूवाला हूड. कामासाठी एकच हवी असेल तर हीच. माझं मन हिच्यात रमलं नाही, पण ते माझं.

आणि मी जी ठेवली ती तिसरी, सत्तरच्या दशकातली, सहा एलिमेंटवाली. हिला टोपणनाव नाही. एफ २ ला कोपरे मऊ, हे खरं आहे, पण मध्यभाग पहिलीपेक्षा घट्ट, काळा रंग खरा काळा, आणि काचा कमी म्हणून की काय समोरचं ऊन मला तरी हिच्यावर बरं सोसलेलं दिसलं. फिल्मवर हिचे करडे रंग मला चौथीपेक्षा जास्त आवडतात. कुणी हिचं नाव घेत नाही म्हणून हिला बघत पण नाहीत.

घेताना एक करा, व्हर्जन विचारूच नका. पुढच्या रिंगचा फोटो, सीरियल नंबर, आणि मागून टॉर्च मारलेला फोटो मागा. हातात मिळाली तर दिव्याखाली तिरकी करून काचेतली प्रतिबिंबं बघा, हवेला लागलेल्या प्रत्येक काचेचं ठळक प्रतिबिंब येतं, चिकटवलेल्या जोडाचं फिकट. आठवालीत ठळक बारा, सातवालीत दहा, सहावालीत आठ. मोजायला वेळ लागतो, दोन-तीनदा चुकतं पण, तरी मोजा. आणि ॲडॉप्टर लावून मिररलेसवर वापरणार असाल तर आधी त्याच बॉडीवर एक फोटो काढून कोपरे बघा, सेन्सरपुढची काच जाड असेल तर या सगळ्याच जुन्या ३५ चे कोपरे पसरतात.