खाडीतल्या शिनाण्यांची बोटफेरी + जेवण, पैसे वसूल पण भरती बघून जा

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात गेलो होतो, मी, नवरा, लेक आणि सासूबाई. मालवणकडच्या एका खाडीत बचत गटाच्या बायका शिनाणे, म्हणजे खायचे हिरवे शिंपले, पाळतात, बोटीने नेऊन दाखवतात आणि मग घरी जेवायला घालतात, माणशी 700 रुपये.

बोटीतून बघायला काय तर पाण्यात रोवलेले बांबू आणि त्यांना टांगलेले दोर, बस. लेक म्हणाली एवढंच? मग काकींनी एक दोर वर ओढला आणि ती गप्पच झाली, हिरव्या-काळ्या शिनाण्यांनी मांडीएवढा जाड झालेला, टपटप पाणी गळतंय आणि मधूनच एक बारकं कुर्लं सुटून पळालं.

पावसाळा सरला की खडकावरचं बी म्हणजे नखाएवढे शिनाणे खरवडून आणायचे, दोराभोवती लावून वरून सुती कापड शिवायचं, जुनी मच्छरदाणी पण चालते म्हणे. थोड्या दिवसांत कापड कुजतं पण तोवर त्यांनी स्वतःचे धागे काढून दोर घट्ट धरलेला असतो!! खायला काही घालावं लागत नाही, पाण्यातलं बारीक शेवाळ गाळून खातात आणि आपलं पाणी उबदार म्हणून पाच-सहा महिन्यांत 7-8 सेंमी होतात. फक्त जूनच्या आत काढावे लागतात, नाहीतर गोडं पाणी खाडीत भरलं की मेले.

नर-मादी कसे ओळखायचे विचारलं तर काकी म्हणाल्या, "भायरसून नाय कळाचा, जेवताना दाखवतंय." आणि खरंच ताटात दोन शिंपा उघडून ठेवल्या, एकातलं मांस केशरी, दुसऱ्यातलं दुधाळ पांढरं. "ही बायल, ह्यो दादलो." सासूबाई रत्नागिरीच्या, लहानपणापासून शिनाणे खातायत, त्यांनाही हे माहीत नव्हतं, मग काय प्रत्येक घास उघडून बघूनच खाल्ला. दोघं अंडी आणि बीज पाण्यात सोडून मोकळे होतात, पिल्लं दोन-तीन आठवडे वाहत फिरतात आणि मग कुठेतरी चिकटतात. अंडी सोडली की मांस एकदम पातळ पडतं, आम्हाला मिळाले ते मात्र गच्च भरलेले होते.

सुकं अप्रतिम, ओलं खोबरं आणि कोकम, रस्सा नाही काही नाही. रवा फ्रायला मात्र मसाला इतका थापलेला की आत शिनाणा आहे की बटाटा कळेना. दुसरी तक्रार, 11 ला बोलावलं आणि ओहोटी म्हणून बोट निघाली साडेबाराला, तोवर उन्हात बसून ठेवलं. लेकीच्या लाईफ जॅकेटचं बक्कल तुटलेलं, दोरीने बांधलं, हे नाही चालणार, सांगून आलेय. फोन करताना भरती किती वाजता आहे ते आधी विचारा आणि रवा फ्राय नको म्हणून सांगा, सुकंच डबल घ्या.