कुळागराच्या गेटसाठी घेतलेलं पहिलं वेल्डिंग मशीन : एका पावसाळ्यानंतर

गोव्यातल्या आमच्या कुळागराच्या, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेच्या, गेटची खालची बिजागरी तिसऱ्यांदा तुटली, तेव्हा ठरवलं की वेल्डिंग मशीन घरीच आणायचं. वेल्डिंगचे चार टाके घालायला वाळपईहून वेल्डर येत नाही, आणि गेट उतरवून टेम्पोत घालून न्यायचं तर तोवर गुरं आत शिरतात. त्या आठवड्यात तर रात्री गवेरेडे येऊन केळीची नवी रांग तुडवून गेले.

माझी सगळी नोकरी प्राथमिक शाळेत झाली, लोखंडाचं काम कधी केलं नव्हतं. शेजारचा दादा मात्र खाणीच्या वर्कशॉपमध्ये डंपरचे हौदे वेल्ड करायचा. २०१२ साली गोव्यातल्या खाणी बंद झाल्या आणि तो घरी आला. कुठलं मशीन घेऊ, असं त्याला विचारलं तर त्याने एकाही मशीनचं नाव घेतलं नाही. पडवीतला प्लग उघडून बघितला आणि म्हणाला, “मास्तर, पयलीं वायर पळयात, मागीर मशीन.” म्हणजे आधी वायर बघा, मग मशीन.

पहिलं मशीन घेणाऱ्या प्रत्येकाला मी आता हेच सांगतो. घरकामाला अडीच मिमीचा रॉड, म्हणजे वितळून सांधा भरणारी कांडी, पुरतो आणि तो ७०-८० अँपवर चालतो. मशीन व्होल्ट उतरवून अँप वाढवतं, त्यामुळे त्या वेळी ते घरच्या लायनीतून साधारण १२-१३ अँपच ओढतं. १६ अँपचा प्लग आणि त्याला नीट जाडीची वायर असेल तर हे निभतं. सव्वातीन मिमीचा रॉड १२० अँपवर चालवायला गेलात तर हाच आकडा वीसच्या पुढे जातो, मग स्वतंत्र लाइन आणि ३२ अँपचा एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) घालावा लागतो. माझं गेट घरापासून पंचवीस मीटरवर. घरातली एक चौरस मिमीची एक्स्टेन्शन तिथवर नेली असती तर जाऊन-येऊन बाराएक व्होल्ट वायरीतच गेले असते. आमच्याकडे संध्याकाळी मुळात १९५-२०० व्होल्ट येतात, त्यातले बारा घालवणं परवडत नाही. चार चौरस मिमीची तांब्याची केबल घेतली, तिच्यात तीनच व्होल्ट पडतात. केबलचा खर्च जड वाटला होता, पण या सगळ्या खरेदीत सर्वांत योग्य जागी गेलेले पैसे तेच.

मग म्हापशाला गेलो. पहिल्या दुकानात टिफिनच्या डब्याएवढं मशीन दाखवलं, वर ठळक अक्षरांत ४०० अँप. किंमत कमी, त्यामुळे मन ओढ घेत होतं. दादाने काउंटरवरच हिशेब मांडला. हाताने रॉड चालवताना ४०० अँपला आर्कचे, म्हणजे रॉड आणि लोखंड यांच्यामधल्या विजेच्या ज्योतीचे, व्होल्ट ३६ धरतात, म्हणजे १४ हजार वॅटच्या वर. मशीनमध्ये काहीच वाया गेलं नाही असं मानलं तरी २३० व्होल्टच्या लायनीतून ६२ अँप यायला हवेत, आणि त्या मशीनची वायर होती मिक्सरच्या वायरीएवढी. दुकानदाराकडे याचं उत्तर नव्हतं. गिऱ्हाइकाला असं फसवणं मला मनापासून लागलं, कारण एकटा गेलो असतो तर मी तेच मशीन घेऊन आलो असतो.

दुसऱ्या दुकानातून २०० अँपचं इलेक्ट्रॉनिक, हलकं इन्व्हर्टर मशीन साडेसात हजारांना घेतलं. ते घेतलं त्याच्या मागच्या पट्टीवर भरवसा ठेवून. पट्टीवर ड्युटी सायकल, म्हणजे मशीन किती वेळ सलग चालवायचं ते, स्पष्ट छापलेली होती : ४० अंश तापमानात २०० अँपला ३० टक्के. म्हणजे दहा मिनिटांत तीन मिनिटं आर्क, सात मिनिटं विश्रांती. आकडा लहान वाटतो, पण त्याच मशीनला ११० अँपवर न थांबता चालता येतं, आणि आपलं काम तर ८० अँपचं. शिवाय एक रॉड मिनिटभरात संपतो, मग टाक्यावरचं कवच (स्लॅग) फोडायचं, ब्रश मारायचा, पुढचा टाका बघायचा. एप्रिलच्या उकाड्यातही माझ्या मशीनचा तापल्याचा पिवळा दिवा एकदाही लागलेला नाही. ज्या मशीनवर ही पट्टीच नाही, ते हातात घेऊ नका.

जुन्या पद्धतीचं ट्रान्सफॉर्मर मशीनही तिथे होतं. दादाचा जीव त्यात, कारण ते धूळ-ओल सोसतं आणि गावातला कोणीही दुरुस्त करतो. पण ते हलवायला दोन माणसं लागतात आणि आमच्या लायनीवर ते चालू केलं की शेजारच्या घरातले दिवे मंद होतील. माझं पाच किलोचं मशीन मी पट्टा खांद्याला लावून आंब्याखालून गेटपर्यंत नेतो. साठीच्या माणसाला हे वजन फार मोलाचं आहे.

सोबत आलेल्या वस्तूंबद्दल मात्र तक्रार आहे. होल्डरची, म्हणजे रॉड धरायच्या चिमट्याची, केबल दोन मीटरची, तीही तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची. हातात धरायची काच इतकी फिकी की पहिल्या दिवशी काम केलं त्याच रात्री दोनच्या सुमारास डोळ्यांत वाळू भरल्यासारखं झालं, पाण्याची धार लागली. सकाळी बायकोने हात धरून वाळपईच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन दिवस काळोख्या खोलीत पडून होतो. त्यानंतर ऑटो-डार्क हेल्मेट आणलं. आर्क पेटताच त्याची काच आपोआप काळी होते, आणि शेड, म्हणजे काचेचा काळेपणा, ९ ते १३ पर्यंत फिरवता येतो. मी १० वर ठेवतो. आर्क दिसण्याआधी रॉड कुठे टेकतोय ते दिसतं, त्यामुळे शिकणाऱ्याचा हातही लवकर बसतो. मशीनमध्ये हजार रुपये वाचवा, पण हेल्मेट, चामड्याचे हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट यांत वाचवू नका.

रॉड ६०१३ नंबरचे घ्या. दादा अजून त्यांना ‘अडवाणीचे’ म्हणतो. अडवाणी ओर्लिकॉन ही कंपनी आज एडॉर वेल्डिंग नावाने चालते. पातळ चौकोनी पाइपला अडीचच्या रॉडने मी भोकं पाडली, दोन मिमीचा रॉड ५० अँपवर लावल्यावर जमलं. पाइप जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला, असेल तर सांध्याजवळचं जस्त ग्राइंडरने आधी काढा. तो पांढरा धूर अंगात गेला की रात्री थंडी-ताप भरतो.

आता पावसाळा. इथे जूनपासून भिंतीही घाम गाळतात. जुलैत रॉड ओले होऊन फटफटू लागले, टाक्यात बारीक छिद्रं दिसू लागली. आता पुडा फोडला की उरलेले रॉड घट्ट झाकणाच्या डब्यात जातात आणि वापरायच्या आधी शंभर-सव्वाशे अंशांवर तासभर सुकवतो. मशीन फडताळात, वर. दर रविवारी पंधरा मिनिटं नुसता मशीनचा पंखा चालवतो, म्हणजे आत ओल आणि मुंग्या राहत नाहीत. ओल्या जमिनीवर उभं राहून काम करत नाही. रॉड टेकवलेला नसताना होल्डरवर ६०-७० व्होल्ट असतात आणि घामेजलेल्या हाताला ते पुरेसे आहेत. मी फणसाच्या फळीवर उभा राहतो, पाऊस सुरू झाला की प्लग काढतो.

चवथीच्या आधी गेट परत चढवलं. तिन्ही बिजागऱ्या माझ्या हातच्या, खालची दादाने तपासून दिलेली, वर रेड ऑक्साइडचे दोन हात. आता वाड्यावरची पोरं मशीन मागायला येतात. मशीन मी देतो, पण आधी विचारतो की कुठल्या प्लगला लावणार, आणि हेल्मेट हातात दिल्याशिवाय कोणाला जाऊ देत नाही.