जपानमधल्या 'होस्ट फॅमिली'च्या नावावर आमचे पैसे असे गेले

जपानला भाषा शिकायला निघालेल्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी हे लिहिते आहे. माझी शाळा खरी होती, व्हिसा खरा होता, रेसिडेन्स कार्डही खरं होतं. खोटं होतं ते फक्त घर, आणि बाकी सगळं खरं असल्यामुळेच ते खोटं कुणाच्या लक्षात आलं नाही.

मी सांगलीची. पुण्यात राहून जपानी शिकले, जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-४ पातळी पास झाले आणि एका कन्सल्टन्सीमार्फत टोकियोशेजारच्या सायतामातल्या भाषाशाळेसाठी अर्ज केला. तिथल्या ऑफिसात 'भारत सरकार' असं छापलेलं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं होतं. पुढे तक्रार करताना कळलं की ती साधी उद्यम नोंदणी होती. ती कुणालाही ऑनलाइन, फुकट मिळते. नोकरीसाठी माणसं परदेशी पाठवणाऱ्या एजंटला १९८३च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी करावी लागते. शिक्षणासाठी पाठवणाऱ्या सल्लागाराला तो कायदा लागू होत नाही. त्यामुळे 'आम्ही सरकारमान्य आहोत' असं कुणी सांगितलं, तर कोणत्या कामासाठी मान्य, हे कागदावर वाचा.

शाळेची वर्षाची फी सात लाख येनच्या पुढे होती. ती बँकेतून थेट शाळेच्या खात्यावर गेली. त्यात एक रुपयाचाही घोटाळा नव्हता. मग फेब्रुवारीच्या शेवटी सीओई आलं. हे पात्रतेचं प्रमाणपत्र शाळाच जपानच्या इमिग्रेशनकडून मिळवते आणि साधारणपणे ते तीन महिनेच चालतं. घरात पेढे वाटून झाले आणि त्याच आठवड्यात कन्सल्टन्सीच्या सरांचा बाबांना फोन आला. "काका, मुलगी एकटी जातेय. जपानी कुटुंबात राहिली तर तुम्हालाही झोप लागेल. सहा महिन्यांचे दोन लाख दहा हजार, नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरून. फॅमिली थांबलीय, पण आणखी एक मुलगी रांगेत आहे."

बाबांच्या ओळखीतल्या एकाचा मुलगा रोटरीच्या युथ एक्स्चेंजमधून परदेशी कुटुंबात राहून आला होता, म्हणून ही गोष्ट आमच्याकडे नवी नव्हती. सरही म्हणाले, "तसंच असतं हे." तसं ते अजिबात नसतं. रोटरीच्या मुलांना कुटुंबं राहण्याजेवणाचे पैसे न घेता ठेवून घेतात आणि मागे क्लबची जबाबदार माणसं असतात. भाषाशाळेच्या विद्यार्थ्यासाठी होमस्टे हा पैशाचा व्यवहार असतो. तो एकतर शाळा करून देते किंवा होमस्टेची कंपनी, आणि त्याचा सीओईशी किंवा व्हिसाशी काही संबंध नसतो. आम्हाला मात्र 'फॅमिली लेटर जोडलं की व्हिसा सोपा जातो' असं सांगण्यात आलं.

व्हॉट्सअॅपवर फोटो आला. पिकलेल्या काकीच्या, म्हणजे जपानी पर्सिमॉन फळाच्या, झाडापुढे साठीतलं जोडपं आणि तपकिरी कुत्रा. सोबत 'ओकासान'चं, म्हणजे त्या घरच्या आईचं, जपानीत लिहिलेलं पत्र, खाली पत्ता. पत्रात एकही चूक नव्हती. आज ते वाचताना दिसतं की त्यात एकही प्रश्नसुद्धा नाही. खरं कुटुंब आधी विचारतं: कशाची अॅलर्जी आहे का, कुत्रा-मांजर चालेल का, काय खात नाहीस. मी शाकाहारी. जपानी घरात मिसो सूपच्या दाशीत, म्हणजे मूळ रश्शातसुद्धा बहुधा मासा असतो, त्यामुळे माझ्या बाबतीत हा प्रश्न टळणं शक्यच नव्हतं. पत्रात एवढंच होतं, 'तुझी खोली तयार आहे.'

नारिता विमानतळावर घ्यायला कुटुंब आलं नाही. माझ्या नावाचा कागद धरून एक तरुण उभा होता. "फॅमिलीत आजारपण आलंय, तोवर इथे राहा," म्हणून त्याने एका जुन्या अपार्टमेंटमध्ये नेलं. सहा तातामीच्या, म्हणजे सहा जपानी चटयांएवढ्या, खोलीत आधीच तीन मुली होत्या. प्रत्येकीकडून महिन्याचे पस्तीस हजार येन रोख, पावती नाही. वर तोच रात्रपाळीचं बेंतो, म्हणजे जेवणाचे डबे, भरणाऱ्या फॅक्टरीतलं काम देऊ करत होता, तेही आठवड्याच्या २८ तासांपेक्षा कितीतरी जास्त. विद्यार्थ्याला परवानगी काढून शाळा चालू असताना २८ तासच काम करता येतं. त्याच्या वर गेलं की पुढचं व्हिसा एक्स्टेन्शन अडकू शकतं. "सगळेच करतात," हे त्याचं उत्तर ऐकून मला पहिल्यांदा भीती वाटली.

त्या तिघींतली एक नाशिकची होती. तिच्या फोनमध्ये तेच झाड, तोच कुत्रा. पत्रही तेच, नाव तेवढं बदललेलं.

जपानमध्ये राहण्याचं ठिकाण ठरलं की १४ दिवसांत नगरपालिकेत पत्ता नोंदवावा लागतो. तो तरुण आम्हाला भलत्याच, त्याच्या मित्राच्या पत्त्यावर नोंदणी करायला सांगत होता. आम्ही दोघी तडक शाळेच्या ऑफिसात गेलो. तिथल्या बाईंनी पत्रावरचा पत्ता नकाशावर शोधला तर तिथे पैसे टाकून गाडी लावायचं पार्किंग निघालं. शाळा होमस्टे देतच नव्हती. आमची राहण्याची सोय 'नातेवाइकांकडे' आहे, असं कन्सल्टन्सीने शाळेला कळवलं होतं. बाईंनी निक्षून सांगितलं की खोटा पत्ता नोंदवला तर निवासाचा दर्जाच रद्द होऊ शकतो. त्यांनीच वसतिगृहात जागा करून दिली. त्या वेळी त्या नसत्या तर आमचं काय झालं असतं, हा विचार अजून सोडत नाही. शाळेला आधीच एक ईमेल गेला असता आणि 'आमच्या मुलीच्या राहण्याची नोंद तुमच्याकडे काय आहे' एवढं विचारलं असतं, तर सगळं तिथेच उघडं पडलं असतं. जपानी येत नसेल तर इंग्रजीत लिहा, पण स्वतः लिहा, एजंटच्या हातून नको.

होस्ट फॅमिली या गोष्टीवरून तुमचं मन उडावं म्हणून मी हे लिहीत नाही. पुढे शहराच्या आंतरराष्ट्रीय मैत्री संघटनेमार्फत मी एका घरी दिवसभरासाठी गेले. त्यांचा फॉर्म आधी आला, प्रश्नांनी भरलेला. तिथल्या ओकासानने माझ्यासाठी कोंबूची, म्हणजे समुद्री वनस्पतीची, वेगळी दाशी केली होती. पैसे कुणी मागितले नाहीत.

जपानी पोलिसांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की पैसे भारतात दिलेत, तक्रार तिथेच करावी लागेल. बाबांनी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर पोर्टलवर आणि पोलीस ठाण्यातही तक्रार दिली. तेव्हा दोन गोष्टी पुढे आल्या. यूपीआयने पाठवलेली रक्कम सरांच्या नातेवाइकाच्या खात्यावर गेली होती, आणि पावतीवर 'कन्सल्टिंग चार्जेस' लिहिलं होतं. आता त्यांचा वकील म्हणतो, होमस्टेचा करार झालाच नव्हता. व्हॉट्सअॅपवरचं बोलणं आम्ही जपून ठेवलं आहे, आज तोच आमचा पुरावा आहे. कुणालाही असे पैसे द्यायचे झालेच, तर पावतीवर होमस्टे हा शब्द, महिने आणि पूर्ण पत्ता लिहून घ्या, आणि पैसे कंपनीच्या खात्यावरच भरा.

'तक्रार मागे घ्या' म्हणत त्यांनी चाळीस हजार परत पाठवले. बाबांनी तक्रार मागे घेतली नाही. नाशिकच्या मुलीच्या घरच्यांनीही आता तक्रार दिली आहे, त्यामुळे एकच पत्र दोन नावांनी तपास अधिकाऱ्यांकडे पोहोचलं आहे. काकीच्या झाडाचा आणि तपकिरी कुत्र्याचा तो फोटो तुमच्याही फोनमध्ये आला असेल, तर चॅट डिलीट करू नका आणि तुमच्या गावच्या पोलीस ठाण्यात आजच तक्रार द्या.