होटगी रोडवरचं पाळकांचं विश्रांती शिबिर: जाऊन आल्यावर

पाळकांसाठी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंसाठी, शिबिरं आपल्याकडे काही कमी होत नाहीत. सुवार्ता कशी सांगावी, तरुणांना मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, कसं टिकवावं, हिशोब कसे ठेवावेत, वर्षभर काही ना काही चालूच असतं. पाळक तिथूनही दमूनच घरी येतो. जानेवारीअखेर सोलापुरात होटगी रोडवर विश्रांती शिबिर झालं, ते निराळं होतं. मी पाळकीणबाई, म्हणजे पाळकाची पत्नी आहे, आणि नोकरीत असताना सरकारी दवाखान्यात सिस्टर होते. त्यामुळे माझं लक्ष प्रवचनाइतकंच बीपीच्या मशीनकडेही होतं.

वेळ चांगली निवडली होती. डिसेंबरभर पाळकाला उसंत नसते. कॅरल, संडे स्कूलचं नाटक, नाताळची उपासना, 31 तारखेची रात्रीची भक्ती, नव्या वर्षाचं प्रभूभोजन, त्यातच लग्नं आणि मयती. पुढे राखेचा बुधवार आला की उपवासकाळ सुरू. या दोन्हींच्या मधल्या आठवड्यात शिबिर ठेवलं, हे ज्याने सुचवलं त्याला पाळकाचं घर माहीत असणार. बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट, मोहोळकडून पाळक आले होते. सीएनआयचे (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे) होते, मेथडिस्ट होते, स्वतःची छोटी मंडळी चालवणारेही होते.

सुरुवात मात्र मला अजिबात आवडली नाही. उद्घाटन, पाहुण्यांचा परिचय, शाली, पुष्पगुच्छ, मनोगतं. दमलेल्या माणसांना प्लास्टिकच्या खुर्च्यांवर टाळ्या वाजवत बसवून ठेवलं. हा भाग पुढच्या वेळी सरळ काढून टाकावा.

त्यानंतर सगळ्यांचे मोबाइल जमा केले. प्रत्येकाचा फोन नाव लिहिलेल्या पाकिटात, आणि टेबलाशी एक स्वयंसेवक वही घेऊन बसलेला. मंडळीत मयत झाली किंवा कुणाला दवाखान्यात नेलं, तरच तो पाळकाला उठवणार. बाकीचे निरोप वहीत, आणि संध्याकाळी अर्धा तास फोन हातात. पहिल्या दुपारी बरेचजण रिकामा खिसा चाचपत होते. दुसऱ्या दिवशी ती वही मी चाळली. बहुतेक निरोप हॉलची किल्ली, माइक, आणि वाढदिवसाच्या प्रार्थनेला किती वाजता येणार, असले होते. पाळकाशिवाय दुसऱ्या कुणाला करता येणार नाही असं त्यात फार थोडं होतं.

आरोग्य तपासणी हा या शिबिराचा कणा. वजन, बीपी, साखर, आणि तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीएवनसी. डॉक्टरांनी सोप्या भाषेत सांगितलं की 5.7 च्या खाली ठीक, 6.5 किंवा वर गेली तर मधुमेह, आणि मधले काठावरचे. एका खेड्यातल्या पाळकांचं बीपी 170 च्या वर निघालं. नाताळच्या गडबडीत गोळ्या संपल्या होत्या, आणि डोकं दुखतं ते जागरणाने असं ते समजत होते. त्यांना तिथेच बसवून गोळी दिली, पुन्हा मोजलं, चिठ्ठी लिहून दिली.

मग चहाचा विषय निघाला, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. पाळक घरभेटीला जातो. प्रत्येक घरी चहा, तोही गोड, वर बिस्किटं. नको म्हटलं तर माउली दुखावते, ‘आमच्या घरचं चालत नाही का साहेब?’ म्हणते. गरिबाच्या घरी तर नकार देणं आणखी अवघड. संध्याकाळपर्यंत सहा-सात घरं झाली की तेवढे कप पोटात गेलेले असतात. डॉक्टरांचा सल्ला असा, की पाळकाने घरोघरी नकार देत बसू नये. रविवारी उपासनेनंतरच्या सूचनांमध्ये सेक्रेटरीने उभं राहून सांगावं, साहेबांना फक्त पाणी द्या. मग कुणाचाच अपमान होत नाही. जेवणही त्याच विचाराचं होतं. ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, पालेभाजी, सकाळी हुलग्याचं माडगं, गोड काहीच नाही.

मनाच्या तपासणीसाठी नऊ प्रश्नांचा कागद दिला. दवाखान्यात पीएचक्यू-9 म्हणतात तोच, मराठीतला. गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी होती, कामात रस वाटला का, स्वतःविषयी वाईट वाटलं का, जगणं नको असं मनात आलं का. प्रत्येक उत्तराला 0 ते 3 गुण, एकूण 27. बेरीज 10 किंवा जास्त आली तर डॉक्टरांना भेटा, आणि शेवटच्या प्रश्नाला ‘नाही’ सोडून काहीही उत्तर असेल तर बेरजेची वाट न बघता लगेच भेटा. कागदावर नाव लिहायचं नव्हतं, गोळाही केला नाही. ज्याचा त्याच्या खिशात. हे फार शहाणपणाचं, कारण पाळकाचं मन खचलंय हे बाहेर कळलं की पुढच्या कमिटी मीटिंगमध्ये विश्वास कमी पडल्याची कुजबुज होते. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांकही फळ्यावर लिहिला. मोफत आहे, रात्री-बेरात्री लागतो, मराठीत बोलता येतं. आपण सोलापूरचे, फलाण्या चर्चचे, हे सांगायची गरज नाही.

लंडनचे एकोणिसाव्या शतकातले नामांकित प्रवचनकार स्पर्जन यांच्याबद्दलही तिथे बोलणं झालं. 1856 मध्ये त्यांच्या उपासनेत कुणीतरी आग लागल्याची खोटी ओरड केली, चेंगराचेंगरीत सात माणसं गेली. तेव्हा ते जेमतेम 22 वर्षांचे होते. खिन्नतेने त्यांना पुढे आयुष्यभर गाठलं आणि ते उघडपणे त्याविषयी बोलले. एका तरुण पाळकांनी हे दोनदा विचारून घेतलं, एवढ्या मोठ्या सेवकाला सुद्धा? मला त्यांचा चेहरा विसरता येत नाही.

बायबल अभ्यास 1 राजे 19 वर होता. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागतो तो भाग. आजवर या भागावर ऐकलेली प्रवचनं देव ज्या मंद वाणीत एलीयाशी बोलतो, तिच्यावर येऊन थांबायची. इथे वक्त्यांनी क्रम दाखवला. देवदूत आधी उपदेश करत नाही. एलीया झोपतो, दूत उठवून भाकर आणि पाणी देतो. तो पुन्हा झोपतो, पुन्हा भाकर. मग चालणं, मग होरेब डोंगर, आणि ‘एलीया, तू इथे काय करतोस’ हा प्रश्न त्यानंतर. शेवटी देव त्याला अलीशा देतो, सोबतीला माणूस. निर्गम 18 मधला इथ्रो, मोशेचा सासरा, तोही मोशेला हेच सांगतो, की हा भार तुला एकट्याला झेपणार नाही. दमलेल्या पाळकाला ‘प्रार्थनेत कमी पडताय’ म्हणणाऱ्यांनी हे दोन अध्याय एका बैठकीत वाचावेत.

पाळकांच्या पत्नींसाठी एकच तास होता, आणि विषय होता पतीला साथ कशी द्यावी. आम्हाला तो पाठ आहे. रात्री दोनला दार वाजलं की पहिली कोण उठते? आमच्या साखरेची, आमच्या झोपेची, निवृत्तीनंतर पार्सोनेज, म्हणजे चर्चचं पाळकासाठीचं घर, सोडल्यावर राहायचं कुठे, याची चर्चा हवी होती. तपासणीतही आम्हाला शेवटी, वेळ उरला तेव्हा घेतलं. मी हे आयोजकांना तोंडावर सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं.

फी माणशी 600 रुपये. शहरातल्या मंडळीला काहीच नाही, पण स्वतंत्र मंडळीच्या पाळकाच्या एका रविवारच्या दानार्पणाइतकी. सवलत होती, मात्र ती मागावी लागत होती. मागायला लावू नये, फॉर्मवरच रकाना ठेवावा.

जाताना तिघातिघांचे गट करून दिले, एक आड एक गुरुवारी एकमेकांना फोन करायचा. ह्यांचा गट अजून चालू आहे. एक पंढरपूर रस्त्यावरचे, एक बार्शीकडचे, पंथ वेगवेगळे. ह्यांना इतकं मोकळं बोलताना मी क्वचितच ऐकलंय, आणि फोन आला की मी मुद्दाम स्वयंपाकघरात जाते.

आमच्या कमिटीने पाळकाची सोमवारची सुट्टी ठरावात घेतली. एक ज्येष्ठ काका कुरकुरले, पण आता सोमवारच्या घरगुती प्रार्थना तेच घेतात आणि छान घेतात. अडलंय ते पैशाशी. पाळक वर्षातून एखादा रविवार रजेवर गेले, तर बदली वक्त्याचा प्रवासखर्च आणि मानधन कोण देणार, हे कुणी ठरवलेलं नसतं, म्हणून रजा कागदावरच राहते. पाळकाबरोबर मंडळीच्या खजिनदाराने एक दिवस तरी बसावं, अशी अट आयोजकांनी घालावी. आणि ज्या मंडळ्या पुढच्या शिबिराला पाळक पाठवणार आहेत, त्यांनी 31 मार्चच्या आत बजेटात या दोन रकमा धराव्यात: शिबिराची फी, पती-पत्नी दोघांची, आणि त्या काळातल्या बदली वक्त्याचा खर्च.